मेघालयांतील गुहांचे राखणदार

गेल्या वर्षीं माघ महिन्यांत आम्हां उभयतांस शिलाँगास जाण्याचा योग आला. आमचा धाकटा पुतण्या तेथें एका कचेरींत नोकरीस असून त्याचें बिऱ्हाडही तेथेंच आहे. "काका, काकूंना घेऊन एकदां इकडे याच," असा त्याचा लकडा तीन वर्षें चालला होता. परंतु शाळेंतून सेवानिवृत्त झालेला मनुष्य घरांतूनही सेवानिवृत्त होतो असें थोडेंच आहे? आज कोणाचें लग्न, उद्यां कोणाचें आजारपण, परवां नातवाची परीक्षा, असें करतां करतां तीन हिंवाळे निघून गेले. अखेर थोरल्या वहिनींनींच निकाल लावला. "भावोजी, घर कांहीं पळून जात नाहीं. तुमचे गुडघे मात्र दरवर्षीं जुने होत आहेत," असें त्या म्हणाल्या, आणि त्यांचें म्हणणें खोडून काढण्यासारखें नसल्यामुळें आम्हीं तिकिटें काढलीं.

ज्याचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें त्यास या मुलुखाच्या नांवाचीच प्रथम मोहिनी पडते. मेघांचें आलय तें मेघालय, असा सरळ षष्ठी तत्पुरुष. खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांच्या प्रदेशास हें नांव शिवप्रसाद चटर्जी या बंगाली भूगोलज्ञांनीं सुचविलें, आणि ता. २१ जानेवारी १९७२ रोजीं येथें पूर्ण राज्य स्थापन झालें तें याच नांवानें. आमच्या शाळेंत संस्कृताबरोबर भूगोलाचे कांहीं तासही आमच्याकडे असत. "जगांत अतिशय पाऊस कोठें पडतो?" हा प्रश्न आम्हीं तीस वर्षें मुलांना विचारला, आणि "चेरापुंजी" हें उत्तर तीस वर्षें ऐकलें. तेथील लोक त्या गांवास सोहरा म्हणतात, हें मात्र आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं तेथें गेल्यावर कळलें. ज्या गांवाचें नांव आपण मुलांकडून पाठ करवून घेतों त्याचें घरचें नांव आपणांस ठाऊक नसावें, याची मनांतल्या मनांत थोडी लाज वाटली.

गुवाहाटीहून शिलाँग सुमारें शंभर किलोमीटर व शिलाँगाहून सोहरा आणखी पन्नासपंचावन्न किलोमीटर. रस्ता चांगला आहे. एका बाजूस खोल दऱ्या, दुसऱ्या बाजूस पिवळ्या पडलेल्या गवताचीं पठारें. ऑगस्ट १८६० पासून जुलै १८६१ पर्यंत या सोहऱ्यास २६,४६१ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ८७ फूट पाऊस पडल्याची नोंद आहे. आम्ही गेलों तेव्हां मात्र बायाबापड्या हंडे व डबे घेऊन नळाशीं रांगेनें उभ्या होत्या. जेथें मेघांचें घर तेथें पाण्याची टंचाई! आमच्या सौ.ना हें फार चमत्कारिक वाटलें. पुतण्या म्हणाला, "काकू, येथें पाऊस पडतो, पण थांबत नाहीं. कांहीं उतारावरून खालीं बांगलादेशच्या मैदानांत धांवतो, आणि जेथें चुनखडीचा दगड आहे तेथें थेट जमिनीच्या पोटांत जातो."

त्या पोटांत काय आहे, तें पाहण्यासाठींच आम्ही निघालों होतों.

आम्हां महाराष्ट्रीयांस गुहा म्हटली कीं लेणें आठवतें. कार्लें, भाजें, अजिंठा, वेरूळ, घारापुरी हीं सारीं माणसाच्या हातचीं कामें. काळ्या, कठीण कातळांत छिन्नीनें कोरून काढलेलीं. कोणीं दान दिलें, कोणता खांब कोणाचा, याचे लेखही पुष्कळ ठिकाणीं कोरलेले आहेत. मेघालयांतील गुहांचा शिल्पकार पाणी आहे. पावसाचें पाणी हवेंतून, आणि त्याहून अधिक जमिनींतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यांतून, कार्बन डायॉक्साइड वायु घेतें व किंचित् आंबट होतें. असें पाणी चुनखडीच्या भेगांत शिरून दगड विरघळवितें. भेगेची फट होते, फटीची वाट होते, आणि लाखों वर्षांनीं त्या वाटेंतून भुयारी नदी वाहूं लागते. पुढें नदी आणखी खालीं उतरली म्हणजे वरचें दालन मोकळें राहतें. मग छतांतून झिरपणारा एकेक थेंब तेथें हवेशीं भेटतो, त्यांतला वायु निघून जातो, आणि विरघळलेला चुना कणाकणानें मागें राहतो. छतापासून खालीं लोंबणारा तो अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून वर वाढणारा तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, अशी व्याख्या आम्हीं फळ्यावर कितीदां लिहिली असेल! परंतु त्याच्या वाढीचा वेग आम्हीं कधीं सांगितल्याचें स्मरत नाहीं. ठिकाणाप्रमाणें तो कमीअधिक असतो. पण वर्षाला एका मिलिमीटराचा दहावा हिस्सा हें सर्वसाधारण मान धरण्यास हरकत नाहीं. म्हणजे वीतभर वाढीस दोन हजार वर्षें.

सोहऱ्याजवळची मॉस्माई गुहा प्रवाशांस सोयीची आहे. आंत विजेचे दिवे लाविले आहेत, आणि एका तोंडानें शिरून दुसऱ्या तोंडानें बाहेर पडतां येतें. कोठें वांकून, कोठें अंग चोरून जावें लागतें. आमच्या सौ. पदर खोंचून पुढें आणि आम्ही गुडघा चोळीत मागें, अशी स्वारी चालली होती. छतापासून झुंबरें लोंबावीं तसे स्तंभ; कोठें पडद्यासारख्या चुण्या; कोठें नुसता ओला, चकाकणारा कातळ. दिव्यांच्या आसपास मात्र दगडावर हिरवट शेवाळ धरलें होतें, आणि हाताला येईल एवढ्या उंचीवरचीं टोकें बहुतेक मोडलेलीं होतीं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनीं कांहीं स्तंभ देवळांतल्या उंबरठ्यासारखे गुळगुळीत व काळपट झाले होते. आम्हींही सहजच एकावर हात टेंकला. बरोबरचा वाटाड्या मुलगा हळूच म्हणाला, "हात लावूं नका, साहेब. हाताचें तेल बसलें कीं तेथें चुना धरत नाहीं. त्याची वाढ थांबते."

तेवढ्यांत सौ. म्हणाल्या, "अहो, तुमच्या शाळेच्या कपाटांत तुम्हीं दिलेला दगड आहे, तो असाच ना?"

आम्हीं "हूं" म्हटलें आणि पायाखालची वाट निसरडी असल्याचें त्यांच्या लक्षांत आणून दिलें.

त्या दिवशीं सायंकाळीं पुतण्याच्या घरीं त्याच्या ओळखीचे एक खासी गृहस्थ आले. ते शाळेंत शिक्षक आहेत, आणि गेलीं वीस वर्षें प्रत्येक हिंवाळ्यांत गुहा मोजणाऱ्या मंडळींबरोबर जातात. खासी भाषेंत वडील पुरुषास ‘बाह’ आणि स्त्रीस ‘काँग’ म्हणण्याची रीत आहे. त्याप्रमाणें पुतण्या त्यांस बाह म्हणत होता, आणि ते आमच्या सौ.ना काँग म्हणत होते. आम्ही कोठें तरी लिहितों असें पुतण्यानें सांगतांच त्यांनीं एक अट घातली: आपलें नांव छापूं नये. "मी एकट्यानें केलें असें कांहीं नाहीं," असें ते म्हणाले. ती अट आम्हीं येथें पाळीत आहों.

त्यांजकडून व नंतर केलेल्या वाचनांतून या कामाची जी हकीकत आम्हांस कळली ती अशी. गारो टेकड्यांत सिमसांग नदीच्या कांठीं सिजू नांवाची गुहा आहे. वटवाघळांच्या वस्तीवरून तिला स्थानिक लोक ‘दोभाकोल’ म्हणतात. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या खात्याचे केंप आणि चोप्रा या दोन शास्त्रज्ञांनीं १९२२ मध्यें तिचें पद्धतशीर निरीक्षण केलें व आंतील जीवसृष्टीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर मात्र फार वर्षें या भूगर्भाकडे कोणाचें विशेष लक्ष गेलें नाहीं. १९९० च्या सुमारास शिलाँगांतील हौशी मंडळींनीं मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन ही संस्था काढली. तींतील प्रमुख कार्यकर्ते श्री. ब्रायन खर्प्रान डेली हे बँकेंत नोकरी करणारे गृहस्थ. १९९२ मध्यें इंग्लंडांतील कांहीं गुहासंशोधक येऊन त्यांस मिळाले, आणि ‘ॲबोड ऑफ क्लाउड्स’, म्हणजे मेघांचें निवासस्थान, या नांवाची मोहीम सुरू झाली. मेघालय या शब्दाचेंच हें इंग्रजी रूप! पुढें स्वित्झर्लंड, जर्मनी, आयर्लंड वगैरे देशांतील माणसेंही येऊं लागलीं. कोणी भूशास्त्रज्ञ, कोणी विद्यार्थी, कोणी कारागीर. पगार कोणासही नाहीं. आपली रजा खर्चावयाची, आपलें भाडें भरावयाचें, आणि जैंतिया टेकड्यांतील एखाद्या खेड्याबाहेर बांबूच्या झोंपड्यांत तीन-चार आठवडे राहून दिवसभर चिखलांत लोळावयाचें.

"पण तुम्ही आंत करतां तरी काय?" असें आम्हीं विचारलें. आमची कल्पना अशी कीं, अंधारांत शिरणें, धाडस करणें आणि बाहेर येऊन त्याचें वर्णन करणें, एवढेंच हें काम असावें. ते हंसले. म्हणाले, "गुरुजी, आम्ही मोजतों."

मोजण्याची रीत अशी आहे. तिघांचौघांची एक तुकडी करावयाची. एकानें पुढें जाऊन दगडावर एक बिंदु ठरवावयाचा. दुसऱ्यानें मागच्या बिंदूपासून तेथपर्यंतचें अंतर, होकायंत्रानें दिशा आणि दुसऱ्या एका यंत्रानें चढउताराचा कोन घ्यावयाचा. तिसऱ्यानें हे तीन आंकडे वहींत टिपून डावीउजवीकडच्या भिंती, छत, पाणी यांची आकृति काढावयाची. मग पुढचा बिंदु. पूर्वीं ही मोजणी फितीनें होई, आतां किरणानें अंतर मोजणारीं यंत्रें आलीं आहेत. परंतु कमरभर थंड पाण्यांत उभें राहून वही कोरडी ठेवण्याचें काम कोणतेंही यंत्र करीत नाहीं. दिवसाकाठीं कधीं पांचशें मीटर, कधीं पन्नासच. रात्रीं छावणींत येऊन ते आंकडे जुळवावयाचे. न जुळल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां आंत.

हा वृत्तांत ऐकून आम्हांस आमच्या वह्या तपासण्याच्या रात्री आठवल्या. धाडस थोडें आणि चिकाटी फार, असेंच हें काम दिसतें.

या चिकाटीचें फळ केवढें आहे तें पाहा. आज मेघालयांत सतराशेंच्या आसपास गुहा ठाऊक आहेत, आणि पांचशें किलोमीटरांहून अधिक लांबीचीं भुयारें मोजून झालीं आहेत. खासी भाषेंत गुहेस ‘क्रेम’ म्हणतात. जैंतिया टेकड्यांतील श्नोंगरिम डोंगराखालची क्रेम लियात प्राह ही चुनखडीची गुहा तीस किलोमीटरांहून लांब आहे. तिच्यांतील एक दालन एवढें विस्तीर्ण आहे कीं, त्यास ‘विमानघर’ असें नांव पडलें आहे. मॉसिन्रामच्या बाजूस क्रेम पुरी नांवाची गुहा २०१६ मध्यें उजेडांत आली. फेब्रुवारी २०१८ मध्यें तिची मोजणी झाली तेव्हां ती २४,५८३ मीटर भरली, आणि वालुकाश्मांतील जगांतली सर्वांत लांब गुहा म्हणून तिची गणना झाली. जैंतिया टेकड्यांतच क्रेम उम लादॉ नांवाच्या गुहेच्या तळाशीं हातभर लांबीचे, फिकट, आंधळे मासे सांपडले. महसीर माशाचे ते भाऊबंद. अंधारांत राहणारा एवढा मोठा मासा जगांत दुसरीकडे आढळला नव्हता. २०२३ मध्यें शास्त्रज्ञांनीं ही निराळी जात ठरविली, आणि तिच्या नांवांत तेथील प्नार लोकांचें नांव घातलें.

याहून मोठी गोष्ट सोहऱ्याजवळच्या मॉम्लू गुहेची. सात किलोमीटरांहून लांब असलेल्या या गुहेंतील एक ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ शास्त्रज्ञांनीं तपासला. झाडाच्या बुंध्यांत जशीं वर्षांचीं कडीं असतात तसे त्यांत थरावर थर होते. त्या थरांतील द्रव्यांवरून कोणत्या काळीं पाऊस चांगला झाला, कोणत्या काळीं ओढला, हें काढतां येतें. सुमारें ४,२०० वर्षांपूर्वीं मान्सून फार क्षीण झाल्याची खूण त्यांत मिळाली. तेवढ्याच काळीं जगाच्या इतर भागांतही मोठें अवर्षण पडल्याचे पुरावे आहेत. मिसर, इराक व सिंधुकांठ येथील घडामोडींशीं कित्येक विद्वान् त्याचा संबंध जोडतात, आणि त्यावर अद्याप वादही आहे. परंतु २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय भूशास्त्रसंघानें त्या क्षणापासून आजपर्यंतच्या कालखंडास ‘मेघालयन’ हें नांव दिलें. त्याआधींच्या दोन कालखंडांच्या सीमा ग्रीनलंडच्या बर्फांत ठरविल्या. या तिसऱ्याची सीमा ठरली सोहऱ्याच्या एका दगडांत. पूजेच्या आरंभीं संकल्प सोडतांना आपण कल्प, मन्वंतर आणि युग यांचा उच्चार करतों. भूशास्त्रज्ञांनीं कधीं संकल्प सोडावयाचा म्हटला, तर त्यांस युगनामाच्या जागीं मेघालयाचें नांव घ्यावें लागेल! ऑक्टोबर २०२२ मध्यें त्याच संघानें जगांतील पहिल्या शंभर भूवारसास्थळांची यादी जाहीर केली, तींतही मॉम्लू गुहेचा समावेश झाला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मॉम्लूच्या तोंडापर्यंत गेलों. आंत पाण्याचा डोह असल्यानें आमच्या वयास पुढें जाणें शक्य नव्हतें. बाहेरून पाहिलें तर डोंगराच्या कुशींतील एक ओबडधोबड बीळ, वर झाडोरा, आजूबाजूस चुनखडीचे पांढरट कातळ. जगाच्या कालकोष्टकांत जिचें नांव लागलें ती गुहा अशी साधी! कार्ल्याचें तोंड पाहून मनुष्य थक्क होतो. येथें थक्क होण्यासाठीं आधीं कांहीं ठाऊक असावें लागतें.

तें ठाऊक करून देणाऱ्यांचा गौरव झाला आहे काय? झाला आहे. श्री. डेली यांस २००२ सालचा तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार भारत सरकारकडून मिळाला. आपल्या देशांत साहसाबद्दल दिला जाणारा हा सर्वांत मोठा मान. पर्वतांवर चढणाऱ्यांच्या पंक्तींत जमिनीखालीं उतरणाऱ्यास पान मांडलें गेलें, हें योग्यच झालें. परंतु आमच्या त्या शिक्षक मित्रांस आम्हीं याविषयीं विचारलें तेव्हां ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "पुरस्काराचा आनंद आम्हां सर्वांनाच झाला. पण गुरुजी, साहस हें आमच्या कामाचें निम्में अंग. उरलेलें निम्में अजून पुष्कळांच्या लक्षांत आलेलें नाहीं."

तें दुसरें अंग म्हणजे राखण. ज्या चुनखडीनें गुहा झाल्या तीच चुनखडी सिमेंटाला लागते. जैंतिया टेकड्यांत सिमेंटाचे कारखाने आहेत, आणि त्यांसाठीं डोंगर फोडले जातात. त्याच टेकड्यांत कोळसा आहे. एका माणसास सरपटत जातां येईल एवढालीं बिळें करून तो काढण्याची तेथें रीत. त्यांस उंदराचीं बिळेंच म्हणतात. त्या खाणींतलें आम्लयुक्त पाणी नद्यांत व पर्यायानें गुहांत उतरतें. लुखा नदीचें पाणी हिंवाळ्यांत निळेंशार होतें, तें सौंदर्य नव्हे, तें दूषण आहे. एप्रिल २०१४ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें असल्या बिळांवर बंदी घातली. तरीही डिसेंबर २०१८ मध्यें क्सान येथील एका बेकायदा खाणींत पुराचें पाणी शिरून पंधरा कामगार अडकले, आणि त्यांची सुटका होऊं शकली नाहीं. म्हणजे प्रश्न केवळ दगडाचा आहे असें नव्हे, माणसांचाही आहे.

आमच्या सौ. हें सारें लक्षपूर्वक ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, "पण ज्यांची जमीन आहे त्यांनीं दगड विकला नाहीं तर खावें काय?"

प्रश्न आम्हांस अडाणीपणाचा वाटला. परंतु बाह गंभीर झाले. म्हणाले, "काँग, हाच खरा प्रश्न आहे." तेथें बहुतेक जमीन सरकारची नसून कुळांची व गांवांची आहे. घराणें आईकडून चालतें आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातें. गांवाचा कारभार पाहणाऱ्या सभेस ‘दोरबार’ म्हणतात. आपला दरबार शब्द एवढा लांबचा प्रवास करून गेला आहे. या दोरबारास विचारल्याशिवाय मोजणीवाले कोणत्याही गुहेंत पाऊल टाकीत नाहींत. मोजणी झाली म्हणजे तिचा नकाशा गांवास दाखवितात. "पहिल्यानें लोक विश्वास ठेवीत नसत," ते सांगूं लागले. "आपल्या शेताखालीं चार किलोमीटर पोकळी आहे, तींतून नदी वाहते, आणि तीच खालच्या वाडीच्या झऱ्यांत निघते, हें त्यांना ठाऊकच नव्हतें. नकाशा पाहिला कीं म्हातारी माणसें बोटानें नदी चांचपतात. मग कोणी विचारतो, ‘वर सुरुंग लाविला तर झऱ्याचें काय होईल?’ हा प्रश्न ज्या गांवानें विचारला, त्या गांवाकडून आम्हांस बक्षीस मिळालें असें मी समजतों."

"आणि सगळींच गांवें विचारतात?" आम्हीं म्हटलें.

"नाहीं. कित्येकांनीं नकाशा पाहिला आणि तरीही दगड विकला. त्यांच्या मुलांच्या शाळेचे पैसे त्यांतूनच आले. त्यांना मी कोणत्या तोंडानें दोष देऊं? पण न मोजलेली गुहा फुटली तर ती होती असेंही कोणी म्हणत नाहीं. मोजलेली फुटली तर निदान तिची नोंद राहते."

गुहा हा शब्द गुह् म्हणजे झांकणें, लपविणें या धातूपासून आला, असें आम्ही वर्गांत सांगत असूं; गुह्य शब्दही त्याचाच. ज्यानें गुह्य उघडें केलें त्यानेंच तें राखावें, ही या मंडळींची रीत पाहून त्या धातूचा अर्थ आम्हांस नव्यानें कळला. प्रवाशांच्या गर्दीनें काय होतें तें आम्हीं मॉस्माईंत पाहिलेंच होतें. म्हणून नाजूक दालनांच्या वाटा तीं कोणासही सांगत सुटत नाहींत. आंत जातांना मळलेल्या एकाच वाटेनें जातात. खाल्लेल्या बिस्किटाचा कागदही परत आणतात. आणि भिंतीवर नांव लिहीत नाहींत.

या शेवटच्या वाक्यानें आम्हांस अजिंठ्याची आठवण झाली. एप्रिल १८१९ मध्यें जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानें तेथें गेला व त्यास तीं लेणीं दिसलीं. जगास अजिंठा कळला तो त्याच्यामुळें, हें खरें. पण दहाव्या लेण्यांतील प्राचीन चित्रावर त्यानें आपलें नांव आणि तारीख कोरून ठेविली, हेंही खरें. आम्ही दरवर्षीं सहलीला नेलेल्या मुलांस तें नांव दाखवून शोध आणि अपराध एकाच हातानें कसे होतात तें सांगत असूं. सांगतांना आमचा स्वर थोडा चढत असे.

आतां तो दगड. सौ.नीं मॉस्माईंत विषय काढला तेव्हां आम्हीं टाळाटाळ केली, पण वाचकांपाशीं टाळाटाळ करण्यांत अर्थ नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका प्रांतांतील एक प्रसिद्ध गुहा पाहण्यास गेलों होतों. बाहेर एक दहाबारा वर्षांचा पोरगा फडक्यांत गुंडाळलेले स्तंभांचे तुकडे विकीत होता. एक वीतभर लांबीचा, पांढराशुभ्र, मधोमध नळीसारखें भोंक असलेला तुकडा आम्हीं पन्नास रुपयांस घेतला. मुलांस प्रत्यक्ष वस्तु दाखवितां येईल, हा हेतु, वाईट नव्हता. आम्हीं तो शाळेस दिला. मुख्याध्यापकांनीं कांचेच्या कपाटांत ठेविला, खालीं चिठ्ठी लाविली: ‘अधोमुखी लवणस्तंभ’, आणि त्याखालीं देणगीदार म्हणून आमचें नांव. त्याबद्दल स्नेहसंमेलनांत आमचा उल्लेखही झाला. पुढें कित्येक वर्षें त्या कपाटापुढून जातांना आमची मान अंमळ ताठ होत असे.

वीतभर म्हणजे दोन हजार वर्षें. कार्ल्याचें चैत्यगृह कोरलें जात होतें त्या सुमारास त्या दगडाचा पहिला थेंब पडला असला पाहिजे. आणि तो पोरगा पुन्हां आंत गेला असेल तो आमच्यासारख्या गिऱ्हाइकासाठींच. जॉन स्मिथाचें नांव आम्हीं मुलांना दाखविलें. कपाटांतलें स्वतःचें नांव आम्हांस कधीं दिसलें नाहीं!

हें आम्हीं त्या रात्रीं बाहांस सांगितलें. आमची अपेक्षा, ते कांहीं रागावतील किंवा सांत्वन करतील. त्यांनीं दोन्ही केलें नाहीं. "परत चिकटवितां येत नाहीं," एवढेंच ते म्हणाले. मग थोड्या वेळानें म्हणाले, "पण शाळेंत आहे ना? मग त्याच्याकडून अजून काम करून घेतां येईल." निघतांना त्यांनीं आम्हां उभयतांस "खुब्लेइ" म्हटलें. खासी भाषेंत आभार व आशीर्वाद या दोहोंस हा एकच शब्द आहे.

घरीं परतल्यावर पहिल्याच आठवड्यांत आम्ही शाळेंत गेलों. हल्लींच्या मुख्याध्यापिका आमच्याच विद्यार्थिनी. कपाट तेथेंच होतें, दगडही होता. चिठ्ठी पिवळी पडली होती. आम्हीं त्यांस सर्व हकीकत सांगितली व नवी चिठ्ठी लावण्याची परवानगी मागितली. "सर, इतक्या वर्षांनीं कशाला? कोणाला काय ठाऊक आहे?" असें त्या आदरानेंच म्हणाल्या. आम्हीं म्हटलें, "ठाऊक नाहीं म्हणूनच."

नव्या चिठ्ठीवर आम्हीं असें लिहिलें आहे: ‘अधोमुखी लवणस्तंभ. वाढ सुमारें दोन हजार वर्षांची. तोडण्यास लागलेला वेळ एक क्षण. कोणी विकत घेतो म्हणून असे स्तंभ तोडले जातात.’ शेजारीं मेघालयांतील मोजणीवाल्यांची थोडक्यांत माहिती व पुतण्यानें पाठविलेलें मॉम्लू गुहेचें एक चित्र लाविलें आहे. भूगोलाच्या तासाला मुलांस तेथें आणावें, अशी विनंति केली व ती मान्य झाली. पहिल्या दिवशीं आम्हींच वर्ग घेतला. एका मुलानें विचारलें, "आजोबा, मग हा दगड कोणीं विकत घेतला?"

आम्हीं त्यास चिठ्ठीची शेवटची ओळ वाचावयास सांगितलें. देणगीदाराचें नांव आम्हीं काढूं दिलेलें नाहीं. ‘देणगीदार’ हा शब्द खोडून ‘विकत घेणारा’ असें केलें आहे. पुढचें नांव तेंच आहे.